सनद वाचेपर्यंत

आषाढ वद्य ३, शके १८५६

ही वही हजेरीची आहे. ह्यांच्या पेटीत कोरीच राहिली होती. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली, आता हजेरी कोण लावणार? मग मी माझा राग तरी लिहून ठेवते. आज लिहायला पुष्कळ आहे.

कन्याशाळेचे सेक्रेटरी दिगंबरराव वकील सकाळी आले. ओट्यावरूनच म्हणाले, "मथुराबाई, तुम्ही चोरून इंग्रजी शिकलात असं गावात ऐकतो."

"चोरून नाही. चुलीपुढे शिकले."

ते हसले. मला हसू आलं नाही. मुलींच्या हायस्कूलच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारी बाई नागपूरला निघून गेली. पुरुष मास्तर ठेवला तर आईबाप मुलींना काढून घेतील. वर्गात मुली चारच. त्यातली एक जरी कमी झाली तरी वर्ग बंद, असा नियम आहे. दिवाळीनंतर खंडव्याची बाई येईल, तोवर मी जायचं.

"शिकवायची तसदी घेऊ नका," ते म्हणाले. "नेमलेल्या पुस्तकातले दहा धडे घोकून घ्या. इन्स्पेक्टरीण बाई येतील तेव्हा मुलींनी घडाघडा म्हणून दाखवले की झालं."

मग पोपट पाळणारा आणा, असं ओठावर आलं होतं. गिळलं आणि हो म्हटलं.

सासूबाई असत्या तर त्यांनी दारात आडवं निजून घेतलं असतं. बाईनं अक्षर वाचलं की नवरा मरतो, असं त्या म्हणत. हे विषमज्वरानं गेले, तेव्हा भरल्या घरात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाचलंस ना? झालं समाधान?" त्याही गेल्या. हा राग त्यांच्याबरोबर जळायला हवा होता. जळला नाही.

आषाढ वद्य ६

आज वर्गावर गेले. चार मुली: कमल, रजनी, निर्मला आणि मनकर्णा. पहिल्या तिघी गावातल्या. मनकर्णा बहादरपूरहून बैलगाडीनं येते, शेतकऱ्याची मुलगी, सगळ्यांत मागे बसते.

धडा बर्फाचा होता. विलायतेतली दोन पोरं बर्फावरून घसरतात आणि त्यांची आई दारातून हाका मारते. रजनीनं श्वास न घेता अख्खा म्हटला. मी विचारलं, "रजनी, यात पोरं कशावरून घसरली?"

"पान नऊवरून, बाई."

बाकीच्या हसल्या नाहीत, कारण त्यांनाही तेच ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं. मुलींवर नव्हे; पण आवाज चढला तो त्यांच्यावरच. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "तुम्हांला काय वाचायचंय ते सांगा."

चौघींनी मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. शेवटी कमल म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते, बाई."

"मी म्हणते आहे की तुम्ही सांगा."

"पण असं कोणी विचारत नाही ना," निर्मला म्हणाली. ती तोंडाळ आहे. मला बरी वाटली.

"उद्या उत्तर घेऊन या."

आषाढ वद्य ७

उत्तर निर्मलेनं आणलं. म्हणाली, "बाई, घरोघर इंग्रजी कागद असतात. पेटीत, फडताळात, देवाजवळ. सगळे जपून ठेवतात आणि कोणालाच वाचता येत नाहीत. आपण ते वाचू या."

इतकी वर्षं मी पुस्तकं वाचत बसले, मला हे सुचलं नाही.

नियमही मुलींनीच केले. जिचा कागद तिनं आधी विचारायचं. अर्थ कळल्याखेरीज एकही शब्द सोडायचा नाही. आणि बाईंना शब्द अडला तर बाईंनी मोठ्यांदा म्हणायचं, "मला माहीत नाही." हा शेवटचा रजनीनं घातला, खाली मान घालून. माझ्या कानशिलाशी आग झाली. तरी कबूल केलं.

श्रावण शुद्ध ४

आज पाच वेळा "मला माहीत नाही" म्हणावं लागलं. पाचव्या वेळी मुली टाळ्या पिटत होत्या. कोडगी झाले आहे.

कमलचे वडील स्टेशनावर आहेत, तिनं पार्सलाच्या चिठ्ठ्या आणल्या. रजनीच्या घरी रंगारीकाम, तिनं रंगाच्या डब्यावरची चिठ्ठी सोलून आणली आणि त्यासाठी मारही खाल्ला. निर्मलेनं आजीची औषधाची बाटली आणली. आजी दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यातलं चमचाभर पिते. आम्ही लावून लावून वाचलं: चोळण्यासाठी, पोटात घेऊ नये.

"अगं, मग सांगितलंस का आजीला?"

"सांगितलं ना. आजी म्हणते, तुझ्या इंग्रजीला काय कळतंय, मला गुण आलाय."

पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले. मग घरी येताना पुन्हा संताप आला. बाटलीवर लिहिलेलं, दवाखान्यात देणाऱ्याला वाचता येतं, आणि म्हातारीला एका शब्दानं सांगावंसं कोणाला वाटलं नाही.

मनकर्णा काही आणत नाही. विचारलं तर म्हणते, आमच्याकडे नाही.

श्रावण वद्य २

मनकर्णा मठ्ठ आहे की काय कळेना. काल जो शब्द बिनचूक वाचला तोच आज चुकली. तिच्या हाताला शाईचे डाग असतात, म्हणजे घरी लिहिते. मग वर्गात काय होतं हिला? आज मी फार बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, उलट जरा सुटल्यासारखी दिसली. माणसानं रागवावं तरी कसं!

श्रावण वद्य ५

मनकर्णेचे वडील सुकलाल घरच्या केळीचा घड घेऊन आले. उंबऱ्याबाहेर टेकले.

"बाई, पोरीले सनद कधी वाचता येईन?"

"कसली सनद?"

मग कळलं. यांच्या देवघरात एक इंग्रजी कागद आहे. चौतीस वर्षांपूर्वी, संवत छप्पनच्या दुष्काळात एका साहेबानं सुकलालच्या वडिलांना, सुपडूआबांना, हातानं लिहून दिलेला. पत्र्याच्या नळीत असतो. दसऱ्याला नांगर-विळ्यांबरोबर काढतात, हळदकुंकू वाहतात. त्या सनदेमुळे यांच्या घराला गावात मान. पंगतीत पहिलं पान यांचं.

"आबाचाच हट्ट, पोरीले विंग्रजी शिकव म्हणून," सुकलाल म्हणाले. "म्या म्हनलं, ठीक हाये. सनद वाचेपर्यंत शाळा. दसऱ्याले गावापुढं वाचली का शाळा पुरी. दापोऱ्याचं स्थळ खोळंबलं हाये तिच्यासाठी."

"आणि तिला पुढे शिकायचं असलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बैलाला विचारा म्हणाले.

म्हणजे दसऱ्याला ही वाचणार, दुसऱ्या दिवशी वर्गात तीन मुली उरणार आणि वर्ग बंद. दापोऱ्याच्या त्या न पाहिलेल्या मुलालाही मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. केळी मात्र गोड होती.

भाद्रपद शुद्ध ८

आज ह्यांच्यावर राग. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत.

त्यांचं निळ्या पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक मी वर्गात नेते. त्याच पुस्तकावर मी शिकले. संसार सोळा वर्षांचा, नवरा इंग्रजीचा मास्तर, आणि मला त्यांनी एक अक्षर शिकवलं नाही. सासूबाईंपुढे कधी तोंड उघडलं नाही. पुस्तकं कुठेही विसरत, हे निळं तर नेहमी तिखटमिठाच्या डब्यांपाशी. पानांना माझी हळद लागली आहे. पहिल्या पानावर सगळी अक्षरं आणि खाली त्यांचे मराठी उच्चार पेन्सिलीनं लिहिलेले. हायस्कूलच्या मुलांना अक्षरंसुद्धा येत नव्हती की काय! समासात सोप्या सोप्या शब्दांचे अर्थ. पाणी, दार, चूल. मी ते उष्टं शिक्षण वेचून खाल्लं.

आज एका पानावर रागाला असलेला इंग्रजी शब्द आला. पूर्वी कधी नीट पाहिलं नव्हतं. समासात लिहिलंय: "राग. काल वरण करपलं तेव्हाचा."

म्हणजे माझं करपलेलं वरण हे वर्गात सांगत होते! चाळीस पोरं हसली असतील. आणि मी घरी दुसरं वरण टाकत असेन.

भाद्रपद शुद्ध १३

दिगंबरराव वर्गात आले. फळ्यावर औषधाची चिठ्ठी, बाकावर पार्सलाचे कागद.

"हे काय? शाळा आहे की रद्दीचं दुकान?"

"वाचन चाललंय."

"धडे किती झाले?"

"एकही नाही. पण कोणताही कागद पुढे ठेवा, निम्मा वाचून अर्थ सांगतील."

"बाई, इन्स्पेक्टरीण अर्थ विचारणार नाही."

हे ते मुलींदेखत बोलले. मी म्हटलं, "म्हणूनच कोणालाच अर्थ येत नाही." त्यांनी छत्री आपटली आणि म्हणाले, दसऱ्यापर्यंत दहा धडे झाले नाहीत तर खंडव्याच्या बाईची वाटसुद्धा पाहणार नाही, तुम्हांला काढू. ते गेल्यावर कमल रडायला लागली. मी खडू घेतला, आणि खडू मोडला.

भाद्रपद वद्य ९

अविधवा नवमी. मनकर्णा आली नाही. तिच्या घरी आज सवाष्ण जेवायला घालतात म्हणे, आबांची पहिली बायको सवाष्णपणी गेली होती तिच्या नावानं. दुसरीच्या गळ्यात तिच्या मुखवट्याचा चांदीचा टाक असतो, तशी रीतच आहे. निर्मला म्हणाली, "मनकर्णा सांगत होती, आबा आजच्या दिवशी जेवत नाहीत. देवघरात नळी मांडीवर घेऊन बसतात."

इंग्रजांच्या कागदाचा इतका अभिमान मला समजत नाही.

भाद्रपद वद्य १२



शाळा सुटल्यावर मनकर्णा थांबली. तिघींनाही थांबवलं. परकराच्या ओच्यातून कागद काढला. सनदेची नक्कल. अक्षर न् अक्षर तिनं चित्रासारखं उतरवून घेतलं होतं.

"बाई, मला ही मागच्या वर्षीच वाचता आली."

"मग वर्गात चुकत होतीस ती?"

"मुद्दाम." आणि मग पहिल्यांदा रडली. "वाचली की शाळा सुटते."

मी तिला मठ्ठ म्हटलं होतं.

आम्ही पाच जणींनी तो कागद वाचला. ती सनद नाही. दुष्काळी कामाच्या छावणीची चिठ्ठी आहे. चार ओळी: सुपडू, राहणार बहादरपूर, खडी फोडण्याच्या कामावर. बायको व एक मूल मेले. स्वतः अशक्त, कामास निरुपयोगी. यादीतून कमी केला.

चौतीस वर्षं हळदकुंकू याला.

रजनी म्हणाली, "तू दुसरंच काही म्हण. राणीसरकार प्रसन्न झाली असं. कोणाला कळतंय?"

कमल म्हणाली, "येत नाही म्हण. अजून एक वर्ष मिळेल."

मी ओरडले. "खोटं वाचायचं तर बर्फाचे धडे काय वाईट होते!" मग माझीच मला लाज वाटली. लग्न माझं ठरत नव्हतं. मान माझ्या घराचा जाणार नव्हता. मी मनकर्णेला म्हटलं, "जिचा कागद तिनं ठरवायचं. नियम तुमचाच आहे."

तिनं नक्कल घडी करून पुन्हा ओच्यात ठेवली. 

भाद्रपद वद्य १३

दिगंबररावांच्या घरी गेले. मनकर्णा म्हणाली होती, दहा वर्षांपूर्वी सुकलालनी तो कागद त्यांना दाखवला होता.

"वाचला होतात?"

"वाचला होता."

"आणि काय सांगितलंत?"

"सरकारी कागद आहे, जपून ठेवा म्हटलं. माणूस देवघरातून कागद आणतो, कुंकू लावलेला. मी काय सांगणार होतो? तुमचं मेलेलं माणूस आहे यात, असं?" चष्मा पुसत राहिले. "मथुराबाई, काही कागद न वाचलेले बरे."

"तो वाचायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, तुम्ही नव्हे."

चांगलं तडकावून आले. पण रस्त्यात वाटलं, त्यांचा आवाज खाली गेला होता. मला त्यांचा पुरता राग करता आला नाही, याचाही राग आला.

आश्विन शुद्ध १०, दसरा

कमलच्या वडिलांच्या ओळखीच्या गाडीनं बहादरपूरला गेलो, मी आणि तिघी मुली. सणाच्या दिवशी विधवा दारात, म्हणून बायकांनी पदर सावरले. मी ओट्याच्या टोकाला, चपलांपाशी बसले. मनकर्णेची आजी धुरपदाबाई बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्राजवळ सवतीचा टाक. म्हणाली, "बाई, तिथं कायले बसल्या? आत या. पोरीच्या गुरू न तुम्ही?" हाताला धरून नेलं. 

अंगणात नांगर, विळे, कुऱ्हाडी, झेंडूची फुलं. पाटावर पत्र्याची नळी. तीसेक माणसं होती, दापोऱ्याचे दोन पाहुणे फेटे बांधून पुढे. सुपडूआबा खांबाला टेकून बसलेले, वाळलेले, डोळे मात्र लख्ख.

मनकर्णेनं कागद काढला. आधी इंग्रजीत वाचला. एकही चूक नाही. लोक माना डोलवू लागले. सुकलालची छाती फुगली. मग ती म्हणाली, "आता अर्थ सांगते," आणि सांगितला. चारही ओळी, काही न गाळता.

आधी कोणाला कळलंच नाही. मग फेटेवाले एकमेकांकडे बघू लागले. सुकलाल उठले. "काय वाचते व? नीट वाच! बाई, काय शिकवलं तुम्ही पोरीले?"

"बस खाली, सुकलाल," आबा म्हणाले.

ते बसले.

आबांनी नातीकडे पाहिलं. "मले माहीत हाये ते कशाचा कागद हाये. सनद तुम्ही म्हनत व्हते, म्या कधी म्हनलं का? पोरी, बायको मेली असं लिव्हलं हाये. तिचं नाव?"

"नाही, आबा."

"पाह्य नीट. सरू. सरुबाई."

"नाही आबा. नुसतं बायको."

"अन् पोराचं? कडू?"

"नुसतं एक मूल."

आबांनी वाकून कागद पाहिला. मग म्हणाले, "सायबानं दोनदा ईचारलं मले, नाव काय. म्या दोनदा सांगितलं. त्यानं मान हालवली अन् लिव्हलं. म्या डोळ्यानं पाह्यलं लिव्हताना. मले वाटलं, नावं हायेत त्यात." आवाज चढला. म्हातारा खांब सोडून सरळ बसला. "चौतीस वरसं म्या हळदकुंकू कोणाले लावलं मंग? यादीले?"

धुरपदाबाईनं गळ्यातला टाक मुठीत धरला होता.

मनकर्णा म्हणाली, "आबा, मी लिहू का? इंग्रजीत?"

"येते तुले?"

"येतं."

"मंग वरसभर चुकत कायले व्हती?"

म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. निर्मला फिसकन हसली, मग आणखी दोघंतिघं हसली. मनकर्णेनं माझ्याकडे हात केला. माझ्या पिशवीत ह्यांच्या पेन्सिलीचा तुकडा होता. सहा वर्षं जवळ बाळगते, टोक कधी केलं नाही. अंगणातल्या पुजलेल्या विळ्यानं तिथंच टोक केलं आणि पेन्सिल तिला दिली. तिनं साहेबाच्या ओळींखाली लिहिलं, सरुबाई. खाली कडू. प्रत्येक अक्षर बोट ठेवून आबांना दाखवलं. ते बोट फिरवत राहिले.

सुकलाल पडक्या आवाजात म्हणाले, "झालं आता. वाचून झालं. उद्यापासून शाळा..."

"कायले?" आबा म्हणाले. "सनद वाचेपर्यंत शाळा, असंच ठरलं व्हतं न? तुह्याच तोंडचं हाये. सनद कुठं वाचली तिनं? सनद तर निघालीच नाही."

"पण आबा..."

"सापडू दे सनद. तवर जाईन ती."

दापोऱ्याचे पाहुणे जेवायला थांबले नाहीत. पंगतीत पहिलं पान यांच्या घराचं की नाही, यावर मागे कुजबुज चाललीच होती. सुकलाल माझ्याशी बोलले नाहीत. पण आम्ही गाडीत बसत असताना शेजारची एक बाई धावत आली. पदराखाली काहीतरी होतं. "बाई, आमच्याही पेटीत एक हाये. पोरीले म्हना, पाह्यजो."

आश्विन शुद्ध ११

शाळेला सुट्टी. दहा धडे झालेले नाहीतच; दिगंबरराव ठेवतात की काढतात ते शाळा उघडल्यावर कळेल. स्वयंपाकघरात बसून निळं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरची अक्षरं पाहिली, हळदीची बोटं पाहिली. हायस्कूलच्या मुलांना अक्षरं येत नव्हती, हे मी इतकी वर्षं कसं मानलं? ह्यांच्या हातून हे पुस्तक शाळेत कधी गेलंच नाही. ते कायम त्या डब्यांपाशी असायचं. मी आत एकटी असले की पान बदललेलं असायचं, आणि मी समजत होते वाऱ्यानं.

एकदा तोंडानं 'शीक' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? सोळा वर्षं एका छपराखाली. आई ऐकेल म्हणून घाबरलात, आणि मी तुमचा उष्टा घास समजून खाल्ला. हे मी मोठ्यांदा म्हटलं. भांड्यांना सांगितलं असं म्हणा.

मनकर्णेनं परत दिलेल्या पेन्सिलीला कालचं टोक होतंच. ते पान काढलं. "राग. काल वरण करपलं तेव्हाचा."

त्याखाली लिहिलं: "वाचलं. अजून आहे."